यात्रेचीं वर्षें : पियानोवरील एक प्रवासवर्णन

प्रवासाहून परतणारा मनुष्य कांहीं ना कांहीं बरोबर घेऊन येतो. कोणी वस्तु आणतो, कोणी चित्रें आणतो, आणि ज्याच्या हातीं लेखणी असते तो प्रवासवर्णन लिहितो. परंतु डोंगर, सरोवर, वादळ, देवळांतील घंटा यांचें वर्णन एकहि शब्द न वापरतां, केवळ काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या एका वाद्यावर करावयाचें कोणी ठरविलें, तर तें साधेल काय? एकोणिसाव्या शतकांत हंगेरींत जन्मलेल्या एका संगीतकारानें हा उद्योग आरंभिला आणि तारुण्यापासून वार्धक्यापर्यंत तो सोडला नाहीं. त्या संगीतकाराचें नांव फ्रान्झ लिस्ट. त्याच्या या कृतींच्या मालेचें फ्रेंच नांव ‘आने द पेलरिनाझ’, म्हणजे ‘यात्रेचीं वर्षें’. पहिलें वर्ष स्वित्झर्लंडचें, दुसरें इटलीचें, आणि तिसऱ्याला कोणत्याहि देशाचें नांव नाहीं. दुसऱ्या वर्षाला जोडलेली एक पुरवणी धरून एकंदर सव्वीस रचना या मालेंत आहेत. १९७७ सालीं रशियन पियानोवादक लाझार बेरमान यानें ही संपूर्ण माला तीन तबकड्यांच्या संचांत ध्वनिमुद्रित केली. अडीच तासांहून अधिक चालणारें तें ध्वनिमुद्रण आजहि आवडीनें ऐकलें जातें. त्यांत काय ऐकावयाचें आणि कसें ऐकावयाचें, एवढाच येथें विषय आहे.

प्रथम वाद्याचा विचार करावा. पेटी आपल्या घरोघरीं परिचयाची आहे. तिचा भाता चालूं असेपर्यंत सूर टिकतो. पियानोची गोष्ट निराळी. पट्टी दाबली कीं आंतील हातोडी तारेवर पडते, सूर जन्माला येतो, आणि त्याच क्षणापासून तो ओसरूं लागतो. त्याला वाढवितां येत नाहीं, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत नेतां येत नाहीं. ज्या कानाला मींडेची संवय आहे त्याला हें वाद्य आरंभीं तुटक वाटतें, यांत नवल नाहीं. परंतु पियानोपाशीं दोन शक्ति आहेत. दहा बोटांनीं एका वेळीं अनेक सूर काढून त्यांचा मेळ घालतां येतो, ही एक. दुसरी पायाखालची. उजव्या पायाची पट्टी दाबली म्हणजे तारांवरील दाब उचलला जातो, आणि एकामागून एक वाजलेले सूर परस्परांत मिसळून धुक्यासारखे पसरतात. १८२१ सालीं पॅरिसच्या एरार या कारखानदारानें एक नवी यंत्ररचना काढली. तिच्यामुळें पट्टी पुरती वर येण्यापूर्वींच तोच सूर पुन्हां वाजवितां येऊं लागला. सुरांची झुळझुळ, थरथर आणि तुषार यांची वाट या सुधारणेनें मोकळी करून दिली. लिस्ट हा एरारच्या पियानोवरच वाढलेला वादक. पाणी या वाद्यांतून कसें बोलवावें, हें त्याला बोटांनींच शिकविलें होतें.

आतां काळाचा विचार. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत आल्प्स पर्वत ओलांडावा लागणें ही युरोपीय प्रवाशाला बहुधा एक आपत्तिच वाटे. कडे, दऱ्या, हिमप्रपात यांत पाहण्यासारखें कांहीं आहे, ही कल्पनाच नवीन होती. रूसोनें आणि त्याच्यामागून आलेल्या कवींनीं ती रुजविली. बायरनच्या ‘चाइल्ड हॅरल्ड’ या काव्याचा तिसरा सर्ग १८१६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत स्वित्झर्लंडचीं सरोवरें व वादळें आहेत, आणि त्यांच्याहूनहि अधिक त्यांच्यापुढें उभ्या असलेल्या माणसाचें मन आहे. निसर्ग हा मनाचा आरसा, ही या पिढीची श्रद्धा झाली. तेव्हां यात्रेला निघणें म्हणजे दूरचा प्रदेश पाहणें एवढेंच राहिलें नाहीं. मनुष्य आपलेंच मन शोधावयाला घराबाहेर पडूं लागला. लिस्टनें आपल्या प्रवासी कृतींच्या मथळ्याखालीं बायरन, शिलर, सेनान्कूर यांचीं अवतरणें छापलीं, त्याचें मर्म हें आहे.

लिस्ट घराबाहेर पडला त्याचें कारण मात्र निव्वळ काव्यमय नव्हतें. १८११ सालीं जन्मलेला हा मुलगा बाराव्या वर्षीं पॅरिसला आला, सोळाव्या वर्षाच्या आंतच त्याचा पिता वारला, आणि शिकवण्या करून तो आईचा संसार चालवूं लागला. पुढें मारी दागूल या उमरावपत्नीशीं त्याचा स्नेह जडला. ती त्याच्याहून सहा वर्षांनीं मोठी, बहुश्रुत, विवाहित, आणि नुकतीच एका मुलीच्या मृत्यूनें होरपळलेली होती. १८३५ च्या उन्हाळ्यांत, मागें पति व एक मुलगी ठेवून, ती स्वित्झर्लंडमध्यें लिस्टला येऊन मिळाली. पॅरिसच्या समाजाला हा मोठाच धक्का होता. दोघें सरोवरांच्या कांठाकांठानें, पर्वतांच्या पायथ्यानें हिंडत जिनीव्हाला पोंचलीं. तेथें त्या वर्षींच स्थापन झालेल्या संगीतविद्यालयांत लिस्टनें शिकविलें, आणि तेथेंच डिसेंबरांत त्यांची पहिली मुलगी ब्लान्दीन जन्मली. मालेचें पहिलें वर्ष या दिवसांतून उगवलें आहे. त्यांतील सौंदर्याला एका धाडसाची आणि एका अपराधाचीहि पार्श्वभूमि आहे, हें ऐकणारानें विसरूं नये.

पहिल्या वर्षांतील दुसरी रचना ‘वालेनश्टाटच्या सरोवरावर’ ही. डाव्या हातांत एक लहानशी आकृति सुरू होते आणि ती जवळजवळ शेवटपर्यंत सोडली जात नाहीं. लाट नावेला लागते, ओसरते, पुन्हां लागते. तिच्यावर उजव्या हातानें एक साधी चाल येते. इतकी साधी कीं लहान मुलानेंहि गुणगुणावी. मारी दागूलनें पुढें आपल्या आठवणींत लिहून ठेवलें आहे कीं, या सरोवराच्या कांठीं लिस्टनें आपल्यासाठीं ही रचना केली, लाटांचा उसासा आणि वल्ह्यांचा ताल तिच्यांत आहे, आणि ती ऐकतांना डोळे भरून आल्यावांचून कधींच राहिले नाहींत. हें तिनें लिहिलें तेव्हां दोघांचा संबंध तुटलेला होता. मग सरोवराचें हें चित्र नक्की कशाचें? पाण्याचें कीं पाण्याकांठच्या त्या दिवसाचें? प्रश्न असा सुटा विचारतां येतो, पण संगीतांत या दोन गोष्टी सुट्या होत नाहींत.

‘झऱ्याच्या कांठीं’ या चौथ्या रचनेंत पाणी अधिक चपळ आहे. हात परस्परांवरून उड्या घेतात, शेजारशेजारचे सूर एकमेकांना घासून क्षणभर कडवट होतात आणि लगेच निवळतात. खडकावर फुटणाऱ्या थेंबांत ऊन चमकावें, तसा तो कडवटपणा चमकतो. पांचवी रचना ‘वादळ’. येथें अष्टकांचे लोंढे दोन्ही हातांनीं पट्ट्यांवर कोसळतात, आणि ऐकणाराला वादकाच्या मनगटांची चिंता वाटूं लागते. ही रचना मूळ प्रवासाच्या दिवसांतील नाहीं, ती १८५५ सालीं माला छापण्यापूर्वीं नव्यानें घातलेली आहे. वादळ आठवणींतून उठविलेलें आहे म्हणून तें खोटें ठरत नाहीं. पण नुसत्या गडगडाटाची नक्कल करणें ही संगीताची मोठी कामगिरी नव्हे, असा जो आक्षेप या प्रकारच्या संगीतावर घेतला जातो, तो सर्वांत अधिक येथें लागूं पडतो. त्या आक्षेपाचें उत्तर लिस्टनें पुढच्याच रचनेंत दिलें आहे.

ती रचना ‘ओबरमानची दरी’. स्वित्झर्लंडच्या नकाशावर ही दरी शोधूं जाणाराला ती सांपडावयाची नाहीं. सेनान्कूर या फ्रेंच लेखकाची ‘ओबरमान’ ही पत्रात्मक कादंबरी १८०४ सालीं निघाली. तिचा नायक पर्वतांच्या सहवासांत राहून, आपल्याला काय हवें आहे, आपण कोण आहों, हेच प्रश्न स्वतःला विचारीत राहतो. लिस्टनें त्या माणसाच्या नांवानें एक दरी कल्पिली आणि तींत पहिल्या वर्षांतील सर्वांत दीर्घ रचना वसविली. डाव्या हातांत एक चाल पायरीपायरीनें खालीं उतरते, जणुं उतरणीवर पाय जड झाले आहेत. तीच चाल मध्यंतरीं कुजबुजते, मग तिच्यावर वादळ येतें, आणि शेवटीं तीच प्रकाशांत येऊन उभी राहते. चाल एकच, अवस्था अनेक. येथें कशाचीहि नक्कल नाहीं. वादळ आहे, पण तें आभाळांतलें नाहीं. ज्याला निसर्गाचें संगीत म्हणतात त्याची खरी सत्ता अशा ठिकाणीं दिसते : बाहेरचा देखावा पुसून टाकला तरी आंतला प्रवास चालूंच राहतो.

पहिलें वर्ष ‘जिनीव्हाच्या घंटां’नीं संपतें. त्यापूर्वीं ‘घरची ओढ’ या अर्थाची एक छोटी रचना आहे. परदेशांत चाकरीला गेलेल्या स्विस माणसाला गुराख्याची चाल ऐकूं आली कीं त्याचा जीव घराकडे धांवे, अशी जी प्रसिद्धि होती तिच्यावर ती आधारलेली आहे. एक चाल येते, थांबते, उत्तर न मिळाल्यासारखी पुन्हां येते. यानंतर रात्रीच्या शांततेंत घंटा ऐकूं येतात आणि त्यांतून पाळण्यापाशीं म्हणावें असें एक गीत उमलतें. या घंटांची मूळ रचना लिस्टनें तान्ह्या ब्लान्दीनला अर्पण केली होती. चोवीस वर्षांच्या पित्याचा आनंद तींत आहे. या घंटा ऐकणारानें लक्षांत ठेवाव्या, कारण पुढें त्यांना उत्तर मिळणार आहे.

दुसऱ्या वर्षीं यात्रा इटलींत शिरते, आणि निसर्गाची जागा माणसाच्या हातांनीं घडलेल्या वस्तु घेतात. मिलानच्या ब्रेरा संग्रहालयांत रॅफेलचें १५०४ सालचें चित्र आहे. कुमारी मेरीच्या विवाहाचें. त्यावरून पहिली रचना झाली. फ्लॉरेन्समध्यें मेदिची घराण्याच्या समाधींपैकीं एकीवर मायकेलँजेलोनें विचारमग्न पुरुषाची मूर्ति बसविली आहे. तिच्यावरून दुसरी, अवघ्या दोन पानांच्या सुमाराची, पण दगडासारखी भारी. पेट्रार्कच्या तीन सुनीतांवरून तीन रचना आहेत. त्या मूळ कंठसंगीतासाठीं केलेल्या, मागून पियानोवर आणलेल्या, म्हणून त्यांत गळ्याचा श्वास ऐकूं येतो. शेवटीं दान्तेच्या वाचनानंतर सुचलेली प्रचंड रचना येते. तिच्या आरंभीं जें स्वरांतर पुनःपुन्हां खालीं कोसळतें तें आपल्याकडील षड्ज आणि तीव्र मध्यम यांमधील अंतर होय. युरोपांत त्या अंतराला फार दिवस अशुभ मानीत असत. नरकाचें द्वार उघडावयाला लिस्टनें तेंच निवडलें. यानंतरच्या ‘व्हेनिस व नेपल्स’ या पुरवणींत नावाड्यांचीं गाणीं व एक भरधांव लोकनृत्य आहे. दान्तेच्या पाठीमागून तें ऐकतांना दमलेल्या प्रवाशाला बाजाराच्या चौकांत येऊन बसल्यासारखें वाटतें.

या मालेच्या तारखा बारकाईनें पाहण्यासारख्या आहेत. प्रवास १८३५ ते १८३९ या सालांतला. त्यावेळच्या टिपणांतून ‘प्रवाशाची वही’ या नांवाचा संग्रह १८४२ सालीं निघाला. परंतु पहिलें वर्ष आजच्या स्वरूपांत छापलें गेलें तें १८५५ सालीं, दुसरें १८५८ सालीं, आणि पुरवणी १८६१ सालीं. मधल्या काळांत लिस्टनें युरोपखंड पालथें घातलें. लिस्बनपासून मॉस्कोपर्यंत आणि कॉन्स्टँटिनोपलपर्यंत तो वाजवीत गेला. एकट्यानें पियानोची पूर्ण बैठक करण्याची प्रथा त्यानेंच रूढ केली. १८४७ सालीं, वयाच्या पस्तिसाव्या वर्षीं, त्यानें पैशासाठीं वाजविणें बंद केलें आणि वायमारला जाऊन तो लेखनाला बसला. वीस वर्षांपूर्वींच्या वह्या तेव्हां पुन्हां उघडल्या गेल्या. तारुण्यांतील पुष्कळ पसारा त्यानें निष्ठुरपणें कापून काढला. तेव्हां आज ऐकूं येतें तें पंचविशींतील तरुणाचें उतावीळ निवेदन नव्हे. प्रवास तरुणानें केला आणि प्रवासवर्णन प्रौढानें लिहिलें. दोघांचाहि आवाज त्यांत आहे.

मारीशीं त्याचा संबंध १८४४ सालीं तुटला होता. ब्लान्दीन, कोझिमा आणि दानियेल हीं तीन मुलें पॅरिसमध्यें लिस्टच्या आईजवळ वाढलीं. पित्याचें दर्शन त्यांना वर्षानुवर्षें होत नसे. ज्या यात्रेचें जगानें कौतुक केलें तिचा खर्च कोणीं सोसला, हें या एका गोष्टीवरून समजतें. १८५९ सालीं दानियेल विसाव्या वर्षीं वारला, १८६२ सालीं ब्लान्दीन गेली. मधल्या १८६१ सालीं, वयाच्या पन्नासाव्या वाढदिवशीं, राजकन्या कारोलीन हिच्याशीं रोममध्यें ठरलेला लिस्टचा विवाह आदल्या दिवशीं मोडला. १८६५ सालीं त्यानें धर्मसंस्थेंतील कनिष्ठ दीक्षा घेतली आणि काळा झगा अंगावर चढविला. पुढील वर्षांत तो बराच काळ रोमजवळच्या तिवोली येथील व्हिला देस्ते या प्रासादांत राहिला. तिसरें वर्ष मुख्यतः तेथें, १८७७ च्या सुमारास लिहिलें गेलें, आणि १८८३ सालीं प्रसिद्ध झालें. सरोवरावर त्याच्याबरोबर हिंडलेली मारी १८७६ सालींच निधन पावली होती.

तिसऱ्या वर्षाची पहिलीच रचना पुन्हां घंटांची आहे : संध्याकाळच्या प्रार्थनेची. ती लिस्टनें कोझिमाची कन्या दानियेला हिला, म्हणजे आपल्या नातीला, अर्पण केली. जिनीव्हाच्या घंटा आणि तिवोलीच्या घंटा यांच्यामध्यें एक सबंध आयुष्य गेलें आहे. पहिल्या घंटा भरगच्च सुरांत न्हाऊन निघतात. दुसऱ्या दूरवरून, थोड्या सुरांत, मोकळ्या हवेंत वाजतात. पाळण्यांतल्या मुलीसाठीं वाजलेल्या घंटेनंतर नातीसाठीं वाजणारी घंटा ऐकली, आणि ती पाळण्यांतली मुलगी आतां हयात नाहीं हें आठवलें, म्हणजे या साध्या सुरांना निराळेंच वजन येतें. लिस्टनें याविषयीं रचनेंत एक अक्षरहि लिहिलेलें नाहीं. तें ऐकणारानें आपण होऊन जोडावयाचें.

व्हिला देस्तेची बाग हा सोळाव्या शतकांतील एक चमत्कार आहे. कार्डिनल इप्पोलितो देस्ते यानें डोंगरउताराच्या पायऱ्या करून ती वसविली. आनिएने नदीचें पाणी तेथें आणलें, आणि शेंकडों कारंजीं, कसल्याहि पंपावांचून, केवळ पाण्याच्या उतरणीच्या बळावर नाचविलीं. या बागेंतील उंच, काळसर सुरूंच्या झाडांवर लिस्टनें दोन शोकगीतें लिहिलीं आणि कारंज्यांवर एक रचना लिहिली. शोकगीतांत सुरूची छाया हलत नाहीं. सूर एकाच जागीं घोटाळतात, आधार मिळेल असें वाटतांना तो काढून घेतला जातो. कारंज्यांच्या रचनेंत मात्र सूर वर उसळतात, फुटतात, तुषार होऊन खालीं येतात. ऐन मध्यावर लिस्टनें योहानाच्या शुभवर्तमानांतील जीवनदायी पाण्याचें एक वचन लिहून ठेवलें आहे. तरुणपणीं झऱ्याकांठीं जें पाणी नुसतें खेळत होतें, तें आतां प्रार्थना करूं लागलें आहे. १८८६ च्या आरंभीं तरुण देबूसीनें रोममध्यें वृद्ध लिस्टचें वादन ऐकलें. १९०१ सालीं रावेलनें आपलें प्रसिद्ध ‘जलक्रीडा’ लिहिलें. पुढील फ्रेंच संगीतांत जें पाणी वाहिलें त्याचा एक उगम तिवोलीच्या या कारंज्यांत आहे.

तिसऱ्या वर्षाचा उरलेला भाग कठोर आहे. हंगेरीच्या वीरांसाठीं एक विलाप, मेक्सिकोंत १८६७ सालीं गोळ्या घालून मारल्या गेलेल्या सम्राट माक्सिमिलियनच्या स्मरणार्थ एक शोकयात्रा, आणि शेवटीं अंतःकरणें उंच करा अशी हांक देणारी एक रचना. वादकाला टाळ्या मिळवून देणारें यांत फारसें कांहीं नाहीं. म्हणून बैठकींत पुष्कळदां कारंजीं तेवढीं वाजविलीं जात आणि बाकीचें वर्ष बाजूला राही. यात्रा अशा रीतीनें मध्येंच सोडून दिली जाई.

बेरमानच्या ध्वनिमुद्रणाचें पहिलें महत्त्व हें, कीं त्यानें यात्रा पुरी केली. हा वादक १९३० सालीं लेनिनग्राड येथें जन्मला. मॉस्कोच्या संगीतविद्यालयांत तो गोल्डेनवाइझर या गुरूपाशीं शिकला, आणि १९५६ सालीं ब्रसेल्स व बुडापेस्ट येथील स्पर्धांत त्यानें पारितोषिकें मिळविलीं. बाहेरच्या जगाची दारें उघडूं लागलीं होतीं, तोंच एका फ्रेंच स्त्रीशीं विवाह केल्यामुळें १९५९ पासून १९७१ पर्यंत सोव्हिएत सरकारनें त्याला परदेशीं जाऊं दिलें नाहीं. बारा वर्षें! लिस्टनें ज्या वयांत युरोप पालथा घातला, जवळजवळ त्याच वयांत हा मनुष्य आपल्या देशाच्या सीमेआड अडकून पडला. तेथल्या गांवोगांव तो वाजवीत राहिला. १९७६ च्या आरंभीं अमेरिकेंत त्याचें प्रथम दर्शन झालें तेव्हां तो पंचेचाळीस वर्षांचा होता, आणि त्याच्या अचाट सामर्थ्याचा गवगवा झाला. पुढच्याच वर्षीं डॉइच ग्रामोफोन या जर्मन कंपनीसाठीं त्यानें ‘यात्रेचीं वर्षें’ मुद्रित केलीं.

ज्यांनीं बेरमानच्या बळाची कीर्ति ऐकली होती त्यांना या तबकड्यांवर प्रथम आश्चर्य वाटतें तें त्याच्या संयमाचें. ‘वादळ’ आणि दान्तेची रचना यांत बळ आहेच. डाव्या हाताचे खर्जाचे सूर घुमतात, पण फुटत नाहींत. मात्र वालेनश्टाटच्या सरोवरावर तो नावेला घाई करीत नाहीं. ओबरमानच्या दरींत तो सावकाश उतरतो. प्रत्येक पायरीवर थांबून मागें पाहिल्यासारखा. ‘घरची ओढ’ या छोट्या रचनेंत सुरांइतकाच तो मौनाला वेळ देतो. कारंज्यांत सुद्धां त्याचें पाणी दिखाऊ नाहीं. थेंब थेंब वेगळा ऐकूं येतो. एखाद्याला वाटेल कीं कांहीं ठिकाणीं गति याहून अधिक हवी होती, आणि ज्याला लिस्टमध्यें केवळ झगमगाट हवा असेल त्याची थोडी निराशाहि होईल. परंतु ज्याला प्रवास सहज मिळाला नाहीं तोच वाटेचा प्रत्येक कोस मोजून चालतो. १९९० सालीं बेरमाननें रशिया सोडली आणि इटलींत घर केलें. २००५ सालीं, मायकेलँजेलोची ती विचारमग्न मूर्ति जेथें आहे त्याच फ्लॉरेन्स शहरांत, त्याचा अंत झाला.

या ध्वनिमुद्रणाला पुढें एक अनपेक्षित भाग्य लाभलें. २०१३ सालीं हारुकी मुराकामी या जपानी लेखकाची एक कादंबरी निघाली. तिच्या नांवांतच या मालेचें नांव गुंफलेलें आहे, आणि बेरमाननें वाजविलेली ‘घरची ओढ’ ही कथेंत पुनःपुन्हां येते. छत्तीस वर्षांपूर्वींच्या या तबकड्यांना तेव्हां जपानांत नवे श्रोते मिळाले. स्विस गुराख्याची ओढ हंगेरियन माणसानें लिहावी, रशियनानें वाजवावी आणि जपानी वाचकानें तींत आपली ओढ ओळखावी, याहून या संगीताच्या सच्चेपणाचें निराळें प्रमाण कशाला हवें?

हें सर्व एका बैठकींत ऐकण्याचा आग्रह कोणीं धरूं नये. सहा दिवसांची वाट एका दिवसांत तुडविणाराला पायांखेरीज कांहीं आठवत नाहीं. प्रथम वालेनश्टाटचें सरोवर ऐकावें, दुसऱ्या दिवशीं जिनीव्हाच्या घंटा, आणि लगेच तिसऱ्या वर्षांतील सायंकाळची घंटा. या तीन रचनांना मिळून अर्धा तासहि लागत नाहीं. त्या ओळखीच्या झाल्या म्हणजे ओबरमानच्या दरींत उतरावें, आणि कारंजीं त्यानंतर, घर शांत असतांना, दिवा मंद करून ऐकावीं. एक गोष्ट मात्र ऐकतांना ध्यानांत असूं द्यावी. तिवोलीचें पाणी उंच उडतें तें कोणी वर ढकलतो म्हणून नव्हे. तें आधीं डोंगरावरून खालीं आलेलें असतें, आणि जेवढें उतरलें त्याच बळावर उसळी घेतें. लिस्टच्या तिसऱ्या वर्षांतील पाण्यालाहि उसळी याच रीतीनें मिळालेली आहे.